बायकांचे शब्द

निवासी डॉक्टरांचं वसतिगृह
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

तीर्थरूप लिहिलं की तू हसतेस, म्हणून प्रिय. फोनवर आपलं काही जमत नाही. तू 'हं, हं' करतेस आणि मला कळतं की एक अक्षर ऐकू आलेलं नाही. तुझ्या बटणांच्या फोनवर मराठीत मेसेज पाठवला तर नुसते चौकोन उमटतात. तेव्हा पत्रच बरं. तुलाही सवय आहे.

इथे घाटावर येऊन मला नऊ महिने झाले. स्त्रीरोग विभागात आमच्या वर्षाचे आठ जण, त्यात पुरुष मी एकटा. पहिल्या वर्षाचा डॉक्टर म्हणजे काय हे तुला कुणी सांगितलं नसेल, मी सांगतो. सकाळी सहाला वॉर्डातल्या सगळ्या बाळंतिणींचं बीपी घ्यायचं, टाके बघायचे, रक्ताच्या बाटल्या घेऊन धावायचं, रिपोर्ट आणायचे आणि विभागप्रमुख मॅडमनी बोट दाखवलं की त्या बाईची सगळी हकिगत तोंडपाठ म्हणायची. बाईला तपासायचं तर शेजारी सिस्टर हवी. चंद्रावती सिस्टर कामात असल्या की मी पडद्याबाहेर उभा. बायका मला बघून पदर सावरतात आणि सिस्टरला विचारतात, 'बाई डॉक्टर न्हाई का?'

गेल्या आठवड्यात फजिती झाली. एका बाईला विचारलं काय त्रास आहे, ती म्हणाली, 'अंग बाहेर येतंय.' मी कागदावर लिहिलं, अंगाला सूज. मॅडमनी ते राउंडला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. अंग म्हणजे गर्भाची पिशवी. ती खाली उतरून बाहेर येत होती, बाईला धड बसता येत नव्हतं, आणि मी सुजेची गोळी लिहून मोकळा. मॅडम म्हणाल्या, तू मराठी आहेस ना, मग आता बायकांची मराठी शीक. एक वही कर.

तर वही केली आहे. इकडचे शब्द सिस्टर सांगतात. पण पुढे मला पनवेललाच यायचंय. आपल्या आगरी बायका काय काय म्हणतात ते तू लिहून पाठव. आजीच्या ओट्यावर बसून तू सगळं ऐकलेलं आहेस.

बाबा म्हणाले, यंदा गौरीला तू घरी आली नाहीस. बाबांशी काही वाजलं का? मी मजेत आहे.

तुझा परेश


खांदा कॉलनी, नवीन पनवेल
२४ सप्टेंबर २०२५

चि. परेश,

आशीर्वाद. तुझ्या पत्रात ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका आहेत. डॉक्टर झालास म्हणून वेलांटी कुठेही द्यायची मुभा मिळत नाही.

गौरीला आले नाही, कारण अडचण होती. दादाला तेवढंच कळवलं. त्याने पुढे विचारलं नाही, तूही विचारू नकोस. आमचं काही वाजलेलं नाही. वाजायला आधी ऐकू यावं लागतं.

वहीचं मला सांगू नकोस. छत्तीस वर्षं चौथीला मराठी शिकवलं, त्यात हे शब्द नव्हते. तू ही शाखा घेतलीस तेव्हाच मी म्हटलं होतं, हाडांचं घे, डोळ्यांचं घे. ऐकलं नाहीस. आता भोग.

इकडचं म्हणशील तर लिफ्ट महिनाभर बंद आहे. कानातलं यंत्र घातलं की शिट्टी वाजते, काढलं की काहीच नाही. समोरच्या मनस्वीची आई पूर्वी संध्याकाळी येऊन बसायची. पण माझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडायला लागतं, तिचाच घसा बसतो. हल्ली भाजीची थैली दाराला अडकवून जाते. बेल वाजवत नाही, कारण ती मला ऐकू येत नाही हे तिला ठाऊक आहे. विमानतळ सुरू होणार म्हणून सगळी कॉलनी आवाजाच्या धास्तीत आहे. मी एकटी निर्धास्त.

मजेत असलेला माणूस 'मी मजेत आहे' असं वेगळं लिहीत नाही. जेवतोस ना वेळेवर?

तुझी
आत्या


५ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,

तुझी अडचण मला कळली. चार जिने चढून उतरायचे, त्यात गौरीची गर्दी. साठाव्या वर्षी ते जमणार कसं? मी तुमच्या कॉलनीतल्या माझ्या मित्राला, भावेशला, फोन करून सोसायटीत लिफ्टचा अर्ज द्यायला लावलाय, आणि बाहेर जायचं असेल तेव्हा तो येऊन तुला खाली नेईल. आधीच सांगायचं ना. तू पण कमाल करतेस.

शब्दांचं मात्र मी सोडणार नाही. ती अंग बाहेर येणारी बाई आठवते? तिचे जुने कागद काढले. त्याआधी ती तीनदा आली होती, आणि तिन्ही वेळा कुणीतरी 'अशक्तपणा' लिहून तिला लाल गोळ्या दिल्यात. ती बिचारी प्रत्येक वेळी खरं तेच सांगत होती. दीड वर्ष ती तशीच शेतात राबली. आई असती तर मी तिला विचारलं असतं. आई गेल्यापासून माझं सगळं तूच केलंस, मग हे दुसऱ्या कुणाला विचारू?

आणि बरोबर ओळखलंस. मजेत वगैरे काही नाही. बरोबरच्या मुली वाईट नाहीत, पण मी खोलीत गेलो की त्यांच्या गप्पा थांबतात. पेशंट बायकांच्याही थांबतात. दिवसभर बायकांच्या घोळक्यात असतो आणि संध्याकाळी लक्षात येतं की आपल्याशी कुणी कामाशिवाय बोललेलंच नाही.

परेश


१६ ऑक्टोबर २०२५

चि. परेश,

तुझं शेवटचं वाक्य वाचून मी हे लिहायला बसले आहे. एकदाच लिहीन. पत्र कुणाला दाखवू नकोस.

दिवस गेले, मोकळी झाली, हे तुला ठाऊकच असेल. बाहेर बसली, कावळा शिवला, अडचण आली, ही सगळी एकच गोष्ट. नाव घ्यायचं नाही म्हणून इतकी नावं. 'पिशवी काढली' असं बाई सांगते तेव्हा का काढली हे तिला बहुतेक माहीत नसतं, आणि विचारलं तर ओशाळते, म्हणून तिचे कागद माग. आपल्याकडच्या बायका 'बरं नाय' एवढंच म्हणतात. कुठे बरं नाय ते हाताने दाखवतात, तेव्हा तोंडाकडे नको, हाताकडे बघ. माझ्या काकीने कंबर दुखते म्हणून सहा महिने लेप लावून घेतला, आणि दुखत होतं ते कंबरेत नव्हतं.

आता एक नीट लिहून घे. बाई 'अंगावरून जातं' म्हणाली की लाल की पांढरं हे ती आपण होऊन सांगणार नाही. विचारावं लागतं. हळू विचारावं, बाकावरच्या बाईला ऐकू जाणार नाही असं. पाळी जाऊन नऊ-दहा वर्षं झालेली बाई असली तरी विचारावं. ती म्हणेल, या वयात कसलं काय, काही नाही. तरी दुसऱ्यांदा विचारावं. तिला वाटत असतं की पुन्हा सुरू झालं, आणि साठाव्या वर्षी हे कुणाला सांगायचं. देवाला हात लावत नाही, घरात कुठे जात नाही. दुसऱ्यांदा विचारलं की ती सांगेल.

फराळाचा डबा पाठवला आहे. चकल्या बिघडल्या आहेत, तरी खा.

आत्या


२ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

तू थोर आहेस. बिघडलेल्या चकल्या एका दिवसात संपल्या, आणि त्या निमित्ताने मुली पहिल्यांदा माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. पण खरी गंमत पुढे आहे. पत्र दाखवलं नाही, शप्पथ, पण तुझे शब्द मी वहीत उतरवले आणि ते 'दुसऱ्यांदा विचारावं' वर मोठ्या अक्षरात लिहिलं.

मंगळवारी ओपीडीत पासष्टीची एक आजी आली, गुडघे दुखतात म्हणून. मी सिस्टरना जवळ बोलावून हळू विचारलं, आजी, अंगावरून काही जातं का? नाही म्हणाली. मी दुसऱ्यांदा विचारलं. आजी माझ्याकडे बघतच राहिली, मग सिस्टरच्या कानात म्हणाली, चार महिने झाले, लाल. आत्या, पाळी गेल्यावर असं लाल दिसणं म्हणजे धोक्याची खूण. पिशवीच्या कॅन्सरची ती पहिली खूण असू शकते आणि लवकर कळलं तर बाई वाचते. तिला लगेच तपासणीला पाठवलं. मॅडम मला पहिल्यांदा 'शाब्बास' म्हणाल्या.

हे कुठल्याही पुस्तकात नाही. आणखी शब्द असतील तर पाठव. लिफ्ट सुरू झाली का?

परेश


२० नोव्हेंबर २०२५
स्पीड पोस्टाने

आत्या,

तुझं उत्तर आलं नाही. मी आता काय लिहितो आहे ते शांतपणे वाच.

सोमवारी मॅडमनी माझी वही वाचायला मागितली. तुझ्या पानावर बराच वेळ थांबल्या. मग विचारलं, हे कुणी सांगितलं? मी अभिमानाने म्हणालो, आत्याने. वय विचारलं. साठ, म्हणालो.

'मग ही साठीची बाई कोण आहे, परेश?'

मी म्हणालो, असेल गावातली कुणीतरी. मॅडमनी वही मिटून माझ्या हातात दिली.

'दुसऱ्यांदा विचार,' एवढंच म्हणाल्या.

खोलीवर येऊन तुझी पत्रं काढली. गौरीला आली नाहीस, अडचण होती. तू स्वच्छ शब्दांत लिहिलं होतंस, आणि पुढच्या पत्रात त्या शब्दाचा अर्थही लिहून दिलास. मी तो वहीत उतरवून घेतला. मी लिफ्टचा अर्ज करायला लावला, आत्या. मला माझीच लाज वाटते. दुसऱ्याची आजी मी हळू आवाजात दोनदा विचारून शोधली, आणि तुला लिहिलं की तू थोर आहेस.

लगेच बाबांना फोन केला आणि तुझ्याकडे जायला सांगितलं. ते गेले, फोन स्पीकरवर टाकून तुझ्या कानाशी धरला. मागून भावेश बोलत होता, मनस्वीची आई दारात असावी. मी तिथे ओरडून काय विचारणार होतो? 'पत्र येतंय' असं तीनदा ओरडलो आणि फोन ठेवला. बाबांना वाटलं मला ताप आलाय.

म्हणून आता लिहून विचारतो. हे कधी सुरू झालं? किती वेळा, आणि किती? कपडा घ्यावा लागतो का? पोटात दुखतं का? वजन उतरलंय का? साखर, रक्तदाब, कुठल्या गोळ्या? अजून कुणाला सांगितलंस, कुणाला दाखवलंस? भाच्याला उत्तर देऊ नकोस. डॉक्टरला दे. पण दे.

परेश


२८ नोव्हेंबर २०२५

चि. परेश,

प्रश्न विचारलेस त्याच क्रमाने उत्तरं देते.

सुरुवात गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी. आधी नुसता डाग. मग दोन-दोन महिन्यांनी. या श्रावणापासून दर पंधरा दिवसांनी, आणि कपडा घ्यावा लागतो. दुखत काहीच नाही, म्हणून मी मनाला समजावत राहिले. वजन उतरलेलं नाही. साखर आहे, रक्तदाब आहे, दोन्हीच्या गोळ्या चालू, नावं मागच्या बाजूला लिहिली आहेत.

कुणाला सांगितलं? तुला. ऑक्टोबरात, पत्राने.

दाखवलं का? जूनमध्ये गेले होते, स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात. बाकावर पंधरा बायका. आतल्या मुलीने नाव विचारलं, मला ऐकू आलं नाही. मग तिने काय होतंय ते विचारलं, तेही नाही. शेवटी ती माझ्या कानाशी येऊन ओरडली, 'मावशी, लाल जातं की पांढरं?' सगळा बाक माझ्याकडे वळला. त्यात दोघी माझ्या शाळेतल्या मुली होत्या, आता स्वतः पोटुशी. एकीने खाली मान घातली. मी म्हटलं, काही नाही, कंबर दुखते. गोळ्या घेऊन घरी आले. त्या मुलीचा दोष नाही. बहिऱ्या बाईला तिने दुसरं कसं विचारावं?

आता जे विचारलं नाहीस ते लिहिते. तू शाखा निवडत होतास तेव्हा हे नुकतंच सुरू झालं होतं. मी ठरवलं होतं, तुझं एकदा नक्की झालं की तुला सांगायचं. तू हाडांचा डॉक्टर झाला असतास तर त्याच दिवशी सांगितलं असतं. म्हटलं असतं, मला एखाद्या चांगल्या बाईडॉक्टरकडे ने, आणि तू पुढे काही विचारलं नसतंस. पण तू नेमकं हेच घेतलंस. मग मला रोज वाटायला लागलं की तुला सांगितलं तर तू सगळं जाणशील, पुस्तकातल्या चित्रासकट. मी तुला न्हाऊ घातलंय, परेश. मला लाज वाटली. भीतीपेक्षा जास्त वाटली. आणि तरी तू विचारावंस असंही वाटत होतं, हे खरं आहे. दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं ते मला सांगता येत नाही.

आता काय करायचं ते तू सांग.

आत्या


२१ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,

मी तुला जिच्याकडे पाठवलं त्या डॉ. मितालीने, माझ्या कॉलेजातल्या सीनियरने, मला सगळं सांगितलं. मी पाठवलेलं पाकीट तू तिच्या हातात ठेवलंस, त्यातली हकिगत तिने दार लावून वाचली आणि एकही प्रश्न मोठ्याने विचारावा लागला नाही. उरलेलं तिने कागदावर लिहून विचारलं आणि तू तिच्या कागदावर तिचं मराठी सुधारलंस. तपासणीसाठी पिशवीतला तुकडा काढताना दुखलं असेल, तरी तू आवाज केला नाहीस म्हणे.

रिपोर्ट परवा आला. मितालीने मला फोन केला. म्हणाली, हे मी त्यांना ओरडून सांगू शकत नाही, नुसता कागदही पुढे करवत नाही, तू लिही.

आम्हाला शिकवलंय की अशी गोष्ट पेशंटला शेजारी बसवून सांगावी, एकदम सांगू नये, जवळचं माणूस सोबत हवं. गेल्या महिन्यात मॅडमनी त्या गुडघेवाल्या आजीला सांगितलं तेव्हा मी मागे उभा राहून बघितलं. मॅडम आधी तिच्या नातवंडांबद्दल बोलल्या. मला पत्रात ते जमत नाही. मी दोन पानं इकडचं तिकडचं लिहिली आणि फाडली.

आत्या, कॅन्सर आहे. पिशवीच्या आतल्या अस्तराचा. एमआरआयमध्ये तो पिशवीबाहेर गेलेला दिसत नाही, ही चांगली गोष्ट आहे. पिशवी आणि दोन्ही बीजांडकोश काढावे लागतील. काढलेलं सगळं तपासल्यावरच पुढे किरणांचा शेक द्यायचा की नाही ते ठरेल. अशा बऱ्याच बायका बऱ्या होतात, आणि मी हे तुझं मन राखायला लिहीत नाही. सगळ्या होतात असं मी लिहू शकत नाही. वर्षभर आधी कळलं असतं तर मी जास्त निश्चिंत असतो. ते माझ्या हातात होतं, निदान ऑक्टोबरपासून तरी.

ऑपरेशन ६ जानेवारी, मंगळवार, मितालीच्याच हॉस्पिटलात. करणारे सर मुंबईहून येतात, त्यांचा हात चांगला आहे. आदल्या दिवशी भरती. बाबांना मी सांगू की तू? तू म्हणशील तसं. घाबरू नकोस असं लिहिणार नाही, कारण मी स्वतः घाबरलोय. घरच्या माणसावर आम्ही शस्त्र चालवत नाही, त्यामुळे आत माझा उपयोग नाही. सुट्टीचा अर्ज लिहून ठेवलाय, दिलेला नाही. इथे दोघी आजारी आहेत, मॅडम नाही म्हणतील. तुला मी यायला हवा असेन की नको, तेही मला कळत नाही. तुला अवघड वाटेल का?

परेश


२७ डिसेंबर २०२५

चि. परेश,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. तू शब्द तोच लिहिलास, गाठ वगैरे लिहिली नाहीस, त्याबद्दल तुझे उपकार मानते. दुसरं काही लिहिलं असतंस तर मला शेवटपर्यंत शंका राहिली असती.

दादाला मीच सांगितलं. पाटीवर लिहून दाखवलं, कारण तोंडाने म्हणवेना. त्याने वाचून पाटी पुसली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, 'आमाला सांगायचं नाय का?' तेवढं मला यंत्राशिवाय ऐकू आलं. सहीला तो येणार आहे.

अवघड वाटेल का म्हणून विचारलंस. वाटेल. पण त्याहून मोठं एक आहे, ते सांगते. मितालीने लिहून दिलंय की आत नेताना कानातलं यंत्र काढून ठेवतात. चष्माही काढतात. मला कापण्याची भीती वाटत नाही, रे. मला त्या वेळाची भीती वाटते. ऐकू काही येणार नाही, दिसणार काही नाही, आणि आजूबाजूला सगळे तोंडं बांधलेले. कुणी काही विचारलं तर मला कळणारही नाही की विचारलं. गेली दोन वर्षं घरात तसंच आहे म्हणा, पण घरातली भिंत तरी माझ्या ओळखीची आहे.

मी आजवर कुणाला ये म्हटलेलं नाही. तुझ्या आईच्या वेळी मी न बोलावता गेले होते, आणि माझ्यासाठी कुणी तसं यावं अशी वाट मी पुष्कळ बघितली. आता बघत बसायला दिवस नाहीत. अर्ज दे. नाही म्हणाल्या तर तुझ्या मॅडमना हे पत्र दाखव. डॉक्टर म्हणून येऊ नकोस. त्या दारापर्यंत माझा हात धरून चाल. बोलू नकोस, मला ऐकू येणार नाही. आणि तिथे हात सोडावा लागेल तेव्हा नुसता सोडू नकोस. आधी एकदा घट्ट दाब आणि मग सोड. म्हणजे मला कळेल, तू बाहेर आहेस.

तुझी
आत्या